शेजार बदलून बघ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. गोधडीसाठी कापड काढून ठेवलंयस, वाफा खणून तयार आहे, आणि दोन्हींपुढे तू नुसती बसून आहेस. सुचतच नाही म्हणतेस. यावर मला एकच गोष्ट सांगायची आहे, पण ती जरा पसरून सांगते.

तू एकेक कापड हातात घेऊन विचारतेस, हे चांगलं दिसेल का? एकेक रोप बघून विचारतेस, हे लावू का? अशा प्रश्नाला उत्तरच नसतं. कापड एकटं असताना धड चांगलंही नसतं, धड वाईटही नसतं. शेजारी काय येतं त्यावर ते ठरतं. गोधडी काय आणि बाग काय, दोन्ही शेजाराच्या कला आहेत. तेव्हा कल्पना येण्याची वाट बघू नकोस. दोन तुकडे शेजारी ठेव, मग तिसरा, मग त्यातला एक काढ. या ठेवण्या-काढण्यातच सुचायला लागतं.

हे केवळ माझं मत आहे असं समजू नकोस. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात भिंतीवर लावायची मोठी विणलेली चित्रं तयार होत. मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगाई विभागाचा प्रमुख होता. त्याच्याकडे तक्रार आली की काळ्या रंगात दम नाही. निळ्या-जांभळ्या भागात सावलीसाठी वापरला की तो मिळमिळीत दिसतो. शेव्रलनं लोकर तपासली. रंगात काहीच खोट नव्हती. शेजारचा निळा-जांभळा त्या काळ्याचं तेज खात होता. त्यातून त्यानं पुढे कित्येक प्रयोग केले आणि १८३९ मध्ये रंगांच्या एकमेकांवरच्या परिणामाबद्दल मोठा ग्रंथ लिहिला. तूही करून बघ. एकाच राखाडी कापडाचे दोन सारखे तुकडे काप. एक विटकरी लाल कापडावर ठेव, दुसरा गडद निळ्यावर. लालवरच्या राखाडीत हिरवट झाक दिसेल, निळ्यावरचा किंचित पिवळसर, उबदार वाटेल. एकाच ताग्यातले तुकडे आहेत यावर क्षणभर विश्वास बसणार नाही.

हेच बागेत फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं गर्ट्रूड जेकिल या इंग्रज बाईंनी. त्या चित्रकला शिकलेल्या, भरतकामातही तरबेज. दृष्टी अधू होत गेली, डोळ्यांना ताण देणारं बारीक काम झेपेना, तेव्हा त्या बागेकडे वळल्या. त्यांच्या घरच्या बागेत सुमारे २०० फूट लांब आणि १४ फूट रुंद असा एक फुलांचा पट्टा होता. दोन्ही टोकांना राखाडी पानं, निळी, पांढरी, फिकट पिवळी फुलं. मध्याकडे जाताना पिवळा चढत जाऊन केशरी, आणि ऐन मध्यात लाल. चालत गेलं की डोळा लाल-केशरीनं भरून जातो, आणि भरलेल्या डोळ्याला पुढचा राखाडी-निळा एकदम टवटवीत दिसतो. म्हणजे शेजार नुसता जागेचा नसतो, आधी काय बघितलं त्याचाही असतो. तुझ्या वाफ्यापर्यंत माणूस कोणत्या बाजूनं चालत येतं, हे तू पत्रात लिहिलंच नाहीस. रोपं निवडण्याआधी ते ठरव.

आता रंगापेक्षाही मी ज्याला जास्त मानते ते सांगते: फिकं आणि गडद. नव्यानं शिवणारे रंगावर भाळतात आणि सगळी कापडं मध्यम गडदपणाची निवडतात. शिवून झाल्यावर नक्षी दिसतच नाही, सगळं एकमेकांत विरून जातं. यावर उपाय सोपा आहे. तुकडे जमिनीवर मांड, लांब जाऊन डोळे किलकिले करून बघ, किंवा फोनवर फोटो काढून काळा-पांढरा कर. लाल आणि हिरवा रंगीत फोटोत भांडत असतात आणि काळ्या-पांढऱ्यात हुबेहूब एकच राखाडी निघतात, असं कितीदा तरी होतं.

लॉग केबिन नावाचा गोधडीचा जुना प्रकार आहे, सुरुवात त्यानं कर. मध्ये लहान चौकोन, भोवती पट्ट्या. लागून असलेल्या दोन बाजूंना फिकट पट्ट्या, उरलेल्या दोन बाजूंना गडद. त्यामुळे प्रत्येक चौकट कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दुभंगते, अर्धी उजेडात, अर्धी सावलीत. अशा सोळा चौकटी शिव, पण जोडू नकोस. जमिनीवर मांडून एकेक फिरवत बस. एकदा तिरपे पट्टे दिसतील, एकदा एकात एक बसलेले मोठे तिरपे चौकोन. टाका एक बदललेला नसतो, फक्त कोणाची कोणती बाजू कोणाला लागली एवढंच बदललेलं असतं. तिरप्या पट्ट्यांच्या मांडणीला ‘स्ट्रेट फरो’ म्हणतात, म्हणजे नांगरानं पाडलेली सरळ रेघ. नांगरलेल्या जमिनीत एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला सावली असते, ती बघणाऱ्या कोणालातरी हे नाव सुचलं असणार. शेतातलं गोधडीत येतं ते असं.

आणखी एक शेजारी आहे, उजेड. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांना १८१९ च्या सुमारास पहाटेच्या फिरण्यात दिसलं की दिवसा भडक असणारी लाल फुलं त्या वेळी काळपट वाटतात आणि निळी उठून दिसतात. कमी उजेडात आपल्या डोळ्यातल्या वेगळ्या पेशी कामाला लागतात, त्यांना लाल जवळजवळ दिसतच नाही. तू संध्याकाळी बागेत बसणार असशील तर बसायच्या जागेजवळ पांढरी, फिकट निळी फुलं आणि रुपेरी पानं लाव. लाल तिथे वाया जाईल. गोधडीचं कापडही ज्या दिव्याखाली ती वापरली जाणार त्याच दिव्याखाली एकदा बघ. पिवळ्या उजेडात निळे मंद होतात.

साहित्य कमी आहे अशी तुझी तक्रार आहे. मला ती तक्रार वाटतच नाही. अमेरिकेत अलाबामा नदीच्या वळणात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तिथल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या कामाच्या विटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. जुन्या पँटचा खिसा उसवला की खाली ऊन न लागलेला गडद निळा चौकोन निघतो. त्यांनी तो लपवला नाही, भोवतीच्या विटक्या निळ्याशेजारी तसाच ठेवला. १९७२ पासून त्या एका मोठ्या कंपनीसाठी कॉर्डरॉयच्या उशांचे अभ्रे शिवू लागल्या आणि उरलेलं कापड घरोघरी आलं. कॉर्डरॉय जाड, बारीक नक्षीला वळत नाही. म्हणून आकार मोठे झाले, सरळ झाले, धीट झाले. २००२ मध्ये या गोधड्यांचं मोठं प्रदर्शन ह्यूस्टनच्या संग्रहालयात सुरू झालं आणि नंतर न्यूयॉर्कलाही गेलं. म्हणून म्हणते, जुळवून दिलेले कापडांचे संच विकत घेऊ नकोस. त्यात शेजार दुसऱ्या कोणीतरी लावून टाकलेला असतो, तुझ्या वाट्याला फक्त शिवण उरते. बागेचंही तसंच. आपोआप उगवून आलेलं रोप लगेच उपटू नकोस. दोन आठवडे राहू दे, ते कोणाच्या शेजारी आलंय ते बघ. असे कितीतरी शेजार आपल्या डोक्यात आलेच नसते.

रोपं लावायच्या आधी कुंड्या-पिशव्यांसकट वाफ्यावर मांडून ठेव आणि काही दिवस हलवत राहा. फुलांकडे आधी बघू नकोस, ती येतात-जातात. पानं बघ. चिरलेल्या बारीक पानांशेजारी रुंद गुळगुळीत पान, उभ्या पात्यांशेजारी जमिनीलगत पसरणारं. इथेही डोळे किलकिले करायचे.

आणि आता पहिलं काम. कोलियसचं, म्हणजे त्या रंगीबेरंगी पानांच्या शोभेच्या झाडाचं, एक पान तोड. मध्ये गडद लालसर जांभळा, त्याभोवती हिरवा, कडेला बारीक पिवळट रेघ. नीट बघ, ती रेघ शुद्ध पिवळी नसते, तिच्यात हिरवा मिसळलेला असतो, आणि ती इतकी बारीक असते म्हणूनच इतकी झळकते. चिंध्यांच्या पिशवीतून हे तीन रंग शोध आणि पानावर जेवढ्यास तेवढे आहेत, त्याच प्रमाणात एक चौकट शिव. मग दुसरी शिव, त्यात प्रमाण उलटं कर: पिवळा सर्वांत जास्त, जांभळ्याची नुसती रेघ. दोन्ही शेजारी ठेवून फोटो काढ, एक रंगीत, एक काळा-पांढरा, आणि मला पाठव. शिवणीबाहेर पाव इंच कापड सोड, त्याहून कमी सोडशील तर धुण्यात उसवेल. वाफ्यावर ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, तेही कळव.

तुझी,
मावशी