वाचकांचे प्रश्न : एमडीनंतरची फेलोशिप

प्रश्न : एमडी बालरोगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे नवजात शिशू की मूत्रपिंड, कुठली उपशाखा घ्यायची हे अजून ठरत नाही. फेलोशिपच्या, म्हणजे उपशाखेतल्या पुढच्या प्रशिक्षणाच्या जाहिराती मात्र रोज येतात. शोध कुठून सुरू करू?
– रेसिडेंट डॉक्टर, नाशिक रोड

उत्तर : जाहिराती बाजूला ठेवा. आधी पाहा, शेवटी हाती येणारी पदवी मेडिकल कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये चढते का. डीएम आणि डीआरएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळ, म्हणजे एनबीईएमएसची पदवी) या एमडीनंतरच्या पदव्या चढतात. दोन्ही तीन वर्षांचे. संघटनांच्या आणि खासगी रुग्णालयांच्या फेलोशिप सहसा चढत नाहीत. त्यांतून हात तयार होतो, पण पुढे मेडिकल कॉलेजात त्या शाखेचं अध्यापन करायचं असेल तर गाडी अडते.

तुमचं ठरत नसेल तर नीट-एसएस ही या पदव्यांची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा सोयीची. बालरोग गटाचा पेपर एकच असतो. नवजात शिशू की मूत्रपिंड, हे काउन्सेलिंगच्या वेळी भरायचं. १५० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. एम्स, चंदीगडचं पीजीआय अशा संस्थांसाठी आयएनआय-एसएस ही प्रवेश परीक्षा वेगळी. ती वर्षातून दोनदा होते, तिथे शाखा अर्जातच ठरवावी लागते आणि लेखीनंतर विभागाची प्रत्यक्ष चाचणीही असते. काही शाखांत एनबीईएमएसची दोन वर्षांची एफएनबी ही फेलोशिप मिळते, तिची प्रवेश परीक्षा एफईटी.

म्हसरूळला आपल्या दारातच असलेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्याही फेलोशिप आहेत. विद्यापीठ नाशकात असलं तरी शिकायचं मान्यता मिळालेल्या रुग्णालयांत, राज्यात कुठेही. नवजात शिशूसाठी नॅशनल निओनेटॉलॉजी फोरमची फेलोशिपही आहे.

आता खरी पारख. मान्यता संस्थेला सरसकट नसते; विभागाला, ठरावीक जागांना आणि ठरावीक मुदतीची असते. तुमच्या रुजू होण्याच्या तारखेला ती चालू असेल का, हे मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत पाहा, रुग्णालयाच्या माहितीपत्रकात नव्हे. मग तिथल्या सध्याच्या फेलोला फोन करा, विभागप्रमुखांना नको. विचारा : महिन्याला एक किलोखालची किती बाळं येतात? व्हेंटिलेटरवर किती? लाँग लाइन (मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी) घालणं, एक्स्चेंज ट्रान्सफ्यूजन (बाळाचं रक्त बदलणं) कोण करतं? मूत्रपिंडाकडे जाणार असाल तर बायोप्सी, पोटातलं डायलिसिस आणि सीआरआरटी (अतिदक्षता विभागातलं सलग चालणारं डायलिसिस) फेलोच्या हातून होतं की नुसतं बघायला मिळतं? सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. नाव फेलोचं, काम रात्रपाळीच्या आरएमओचं, म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकाऱ्याचं. ड्युटीचं वेळापत्रक आणि मागच्या फेलोचं लॉगबुक दाखवायला कुणी टाळाटाळ करत असेल तर ती जागा सोडा. स्टायपेंड आणि सेवाबंधाचा (ठरावीक काळ तिथेच काम करण्याच्या कराराचा) दंड लेखी घ्या. एमडी सरकारी जागेवरून केलं असेल तर आधीचा बाँडही मोजायला विसरू नका.

प्रश्न : एमडी झाल्यावर थेट परदेशात फेलोशिप मिळते का?
– एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर : अमेरिकेत बाल-उपशाखांची फेलोशिप सहसा तीन वर्षांची, अर्ज ईआरएएस या ऑनलाइन अर्जप्रणालीवर, जागावाटप एनआरएमपी या संस्थेच्या मॅचमधून, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पसंतिक्रमांची जुळणी करून. पण तिथल्या बोर्डाच्या प्रमाणपत्रासाठी साधारणपणे आधी तिथलीच तीन वर्षांची बालरोग रेसिडेन्सी लागते, भारतातल्या एमडीवर भागत नाही. ब्रिटनची एमटीआय ही परदेशी डॉक्टरांसाठीची प्रशिक्षण योजना हा मार्ग जवळचा : जास्तीत जास्त २४ महिने, पगारी काम, मग परत यायचं. जीएमसी, म्हणजे तिथल्या मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीसाठी आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ७.५ आणि चारही भागांत किमान ७, किंवा ओईटी या आरोग्यसेवकांच्या इंग्रजी परीक्षेत चारही भागांत बी श्रेणी. एमटीआयने तिथले स्पेशालिस्ट होता येत नाही, हे आधीच ध्यानात ठेवा.

प्रश्न : मुलाला फिट्स येतात. दवाखान्याच्या पाटीवर ‘फेलोशिप, बाल-मेंदूविकार’ असं आहे. हे तज्ज्ञच ना?
– एक पालक, पंचवटी

उत्तर : असतील, पण पाटीवरून कळणार नाही. नियमानुसार नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर छापलेला असायलाच हवा. त्यावरून महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदवलेल्या पदव्या तपासता येतात. तिथे डीएम किंवा डीआरएनबी असेल तर तीन वर्षांचं पूर्ण प्रशिक्षण झालेलं आहे. नुसती एमडी असेल तर फेलोशिप कुठे आणि किती महिन्यांची केली, हे सरळ विचारा. नेहमीच्या औषधाने फिट्स आटोक्यात असतील तर चांगले बालरोगतज्ज्ञ पुरतात. दोन योग्य औषधं पुरेशा मात्रेत देऊनही फिट्स थांबत नसतील तर मात्र डीएम किंवा डीआरएनबी असलेल्यांकडे जाण्यासाठी पत्र मागा, आणि जाताना ईईजीचा (मेंदूच्या विद्युत लहरींच्या तपासणीचा) रिपोर्ट, औषधांच्या मात्रा नि फिटचा मोबाइलवरचा व्हिडिओ सोबत न्या.