पंप बदलण्याआधी हेडची खात्री करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार सिलिंडरची पेट्रोल गाडी, ॲल्युमिनियम हेड (सिलिंडरवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग), वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालणारा. पंपातून कूलंट गळून गेलं, काटा लाल पट्ट्यात असतानाही गाडी दोन-तीन किलोमीटर चालवली, शेवटी काटा खाली आला आणि ती बंद पडली. आता नुसता पंप टाकून भागेल का?

भागेलही, पण ते पंप टाकून बघायची गोष्ट नाही. पंपासाठी टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो आणि हेड खोलायचं झालं तर तोच बेल्ट पुन्हा उतरतो. आधी पंप बसवला आणि मागाहून गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधला सील करणारा थर) गेलेलं कळलं, तर मजुरी दोनदा. ‘शेवटी काटा खाली आला होता’ यावर विसंबू नका. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं तापमान दाखवतो. कूलंट उतरून तो उघडा पडला की काटा खाली येतो आणि आत हेड भाजतच राहतं.

सगळ्यात आधी, स्टार्टर मारू नका. गॅस्केट फुटून सिलिंडरमध्ये पाणी उतरलं असेल तर ते दाबलं जात नाही, त्याऐवजी कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन पूर्ण थंड असताना चारही प्लग काढा, क्रॅंक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन चालतं त्याच दिशेला हाताने दोन पूर्ण फेरे द्या. फिरलंच नाही तर पिस्टन चिकटलाय, जोर लावू नका. फिरलं तर प्लग बाहेर ठेवूनच सेकंदभर स्टार्टर द्या. ज्या भोकातून पाण्याचा फवारा येईल तो सिलिंडर संशयित. बाकी प्लग तपकिरी आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ, हीसुद्धा तीच खूण.

मग ऑइल. फिलर कॅपखालचा पांढरट थर एकटाच असेल तर घाबरू नका, थंडीत किंवा छोट्या फेऱ्यांत तो वाफेनेही जमतो. डिपस्टिकवर पातळी वाढलेली आणि ऑइल दुधाळ दिसतंय का, ते महत्त्वाचं. शंका राहिली तर गाडी रात्रभर उभी ठेवून संपचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) ड्रेन बोल्ट अगदी सावकाश सैल करा. कूलंट ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी बसतं, त्यामुळे पहिले थेंब त्याचेच पडतात.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) घेताना बॅटरी भरलेली हवी, थ्रॉटल पूर्ण उघडा, फ्युएल आणि इग्निशन बंद. साधारण १५० ते १९० पीएसआयच्या दरम्यान आकडे येतात, पण आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक बोलतो. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले असतील तर त्यांच्या मधलं गॅस्केट जळालंय. एकच कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंग, जैसे थे राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. चारही सारखेच कमी आणि ऑइल टाकल्यावर चारही वाढले, ही सगळ्यात वाईट बातमी. उष्णतेने रिंगांचा ताण गेलाय, अशा इंजिनाच्या हेडवर खर्च करण्यात अर्थ नाही.

कॉम्प्रेशन ठीक आलं तरी लीक-डाउन, म्हणजे हवा सोडून गळतीची तपासणी, करून घ्याच. प्रत्येक पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागी) आणून प्लगच्या भोकातून हवा सोडायची. पंप गळका असला तरी साधं पाणी भरून रेडिएटरच्या तोंडाशी तेवढी दहा मिनिटं टिकतं. बुडबुडे आले तर हेड खोला. पाणी टिकतच नसेल तर तोंडाशी कान लावा, फुसफुस ऐकू येते. चारही सिलिंडर स्वच्छ निघाले तर सरळ पंपाच्या कामाला लागा.

हेड खोलायचंच असेल तर थंड इंजिनवर, दोन्ही टोकांकडून मध्याकडे येत, बोल्ट दोन-तीन टप्प्यांत सैल करा. गरम हेडचे बोल्ट सोडले तर न वाकलेलं हेडही वाकतं. पृष्ठभाग साफ करून स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) सहा दिशांनी ठेवा: लांबीच्या दोन कडा, दोन्ही टोकांच्या रुंदीत आणि दोन कर्णांवर. खाली ०.०५ मिमीचा फीलर (फट मोजायची पातळ पत्ती) शिरला तर बहुतेक ॲल्युमिनियम हेडना फेसिंग (मशीनवर घासून सपाट करणं) लागतं, तरी तुमच्या इंजिनाची मर्यादा मॅन्युअलमधून घ्या. ब्लॉकचा पृष्ठभागही तसाच मोजा, तो बरेच जण विसरतात.

फेसिंगबद्दल एक गोष्ट वर्कशॉपवाले सहसा आपणहून सांगत नाहीत. वाकलेलं हेड खालून घासलं की खालची बाजू सपाट होते, पण वरच्या कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) बैठका वाकलेल्याच राहतात. टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हमधले दट्टे) काढून कॅम नुसता ठेवा, कॅप टॉर्कवर घट्ट करा आणि हाताने फिरवा. अडकला तर आधी हेड सरळ करावं लागेल. फेसिंगआधी प्रेशर टेस्ट करून घ्या, व्हॉल्व्ह सीटच्या मध्ये तडा असेल तर पुढचं सगळं वाया. आणि किमान उंचीच्या खाली घासू देऊ नका, व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात.

जुनं गॅस्केट प्लास्टिकच्या स्क्रेपरने काढा. ग्राइंडरवरची खरखरीत डिस्क झटपट काम करते, पण तिची धूळ ऑइलमार्गे बेअरिंगमध्ये जाऊन ती खाते. बोल्टची भोकं हवेने कोरडी करा, कारण बंद भोकात साचलेलं पाणी किंवा ऑइल बोल्ट आवळताना ब्लॉक फोडू शकतं. कोन मोजून आवळायचे बोल्ट ताणलेले असतात, ते नवेच घाला. आवळताना क्रम उलटा, मध्यापासून बाहेर. टॉर्क आणि कोनाचे आकडे फक्त तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधले. स्टीलच्या अनेक पदरी गॅस्केटला सिलिकॉन लावायचं नाही.

आता पंप. जुना फेकण्याआधी नीट बघा. वीप होलखाली (सील गेलं की पाणी बाहेर पडायचं पंपावरचं बारीक भोक) वाळलेल्या कूलंटचा रंगीत ओघळ असेल तर सील गेलंय, शाफ्टला खेळ असेल तर बेअरिंग. पुली धरून पाती फिरवून पाहा, प्लास्टिकचा इम्पेलर (पाणी ढकलणारा पात्यांचा पंखा) कधीकधी शाफ्टवर नुसता घसरत असतो आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. पातं तुटलं असेल तर तुकडे रेडिएटर आणि हीटरच्या वाटेत शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. गळती थांबावी म्हणून वीप होल बुजवणं हा वेडेपणा आहे, पाणी मग बेअरिंगमध्ये शिरतं.

नव्या पंपाची ओ-रिंग कूलंटने ओली करून बसवा, ग्रीस नको. सिलिकॉन सांगितलं असेल तर दोन मिमीची बारीक रेघ पुरे, जास्तीचं आत सुटून रेडिएटर चोंदतं. पंपाच्या एम६ बोल्टना साधारण १० न्यूटन-मीटर लागतात, ॲल्युमिनियमचे आटे यापेक्षा फारसं सहन करत नाहीत. कूलंटने भिजलेला टायमिंग बेल्ट परत वापरू नका, टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ताणणारी आणि त्याला वळण देणारी पुली) त्याच्यासोबतच बदला. खुणा जुळवून हाताने दोन फेरे द्या, खुणा पुन्हा जुळल्या तरच स्टार्टर. थर्मोस्टॅट नवा, आणि रेडिएटर कॅपचं सील कडक झालं असेल तर तीही.

कूलंट ५०:५०, डिस्टिल्ड वॉटरमध्ये. नळाच्या पाण्यातले क्षार सीलच्या तोंडावर बसतात आणि नवा पंपही तसाच जातो. वेगळ्या जातीचं कूलंट जुन्यात मिसळू नका, आधी सिस्टिम धुवा. हीटर पूर्ण गरमवर ठेवून भरा, ब्लीड स्क्रू असेल तर त्यातून अखंड धार येईपर्यंत हवा काढा, रेडिएटरचा पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालवा. ऑइल दुधाळ होतं तर नवं ऑइल-फिल्टर टाकून पंधरा-वीस मिनिटं चालवा आणि दोन्ही पुन्हा बदला. कूलंटमधलं ग्लायकॉल आत राहिलं तर बेअरिंग जातात.

पुढचा आठवडाभर रोज सकाळी थंड इंजिनवर पातळी बघा. पहिल्या एक-दोन दिवसांत थोडी उतरली तर अडकलेली हवा निघाली असं समजा. त्यानंतरही उतरत राहिली, किंवा थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा टणक झाला, तर रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रवाची गॅस टेस्ट करा. द्रव पिवळा झाला की ज्वलनाचा गॅस अजून कूलंटमध्ये येतोय, म्हणजे गॅस्केट तरी बसलेलं नाही किंवा कुठेतरी तडा आहे.