फ्लेक्सचा पडदा आणि आजोबांचं चित्र

प्रश्न: ताई, आमचं वडोदऱ्यात, दांडिया बाजारात हौशी नाट्यमंडळ आहे, वर्षाला दोन नाटकं बसवतो. दर वेळी मागे फ्लेक्सचा पडदा, थर्माकोलचे खांब, आणि प्रयोग झाला की दुसऱ्या दिवशी सगळं कचरागाडीत. यंदा माझ्या मुलीने विचारलं की बाबा हे सगळं जातं कुठे, मला काही सांगता आलं नाही. बजेट कमी आहे, काय करता येईल? आणि दिग्दर्शक म्हणतात एलईडीत मजा नाही, ते खरं का?

उत्तर: दादा, मुलीला खरं तेच सांगा. फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर, ते दोन्ही वेगळं करणं इतकं कटकटीचं की कोणी घेत नाही, आणि जाळलं तर विषारी धूर. थर्माकोलचे दाणे सुटतात, नाल्यात जातात, नाल्यातून विश्वामित्री नदीत, जिथे आपल्या मगरी राहतात. शिवाय सजावटीचं थर्माकोल १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, पीव्हीसीचे १०० मायक्रॉनच्या आतले बॅनरही. दुकानदार म्हणेल आमचं जाड आहे, चालतं. चालत असेल, पण प्रयोगानंतर ते जाडच राहणार ना, जाणार कुठे?

तर आता एकदाच खर्च करा आणि फ्लॅट, म्हणजे सेटच्या उभ्या कापडी भिंती, बनवून घ्या. चार बाय आठची लाकडी पट्ट्यांची फ्रेम, त्यावर मांजरपाट ताणून ठोकायचं, वरून खळीचा पातळ हात द्यायचा म्हणजे वाळल्यावर कापड ढोलकीसारखं ताठ होतं, मग डिस्टेंपर. या नाटकात ती वाड्याची भिंत, पुढच्यात त्यावरच दुसरा रंग मारला की दवाखाना. पाच-सहा नाटकांनंतर रंगाचे पापुद्रे निघायला लागले की फक्त कापड बदला, फ्रेम तीच. जोडायला खिळे मारू नका, काढता येणाऱ्या पिनांच्या बिजागऱ्या लावा, नाहीतर स्ट्राइकच्या, म्हणजे प्रयोगानंतर सेट मोडायच्या वेळी रात्री बारा वाजता सगळे दमलेले असतात आणि घाईत उचकटताना लाकूड फाटतं, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता बिजागऱ्यांवर अजिबात तडजोड करत नाही.

ठेवायचं कुठे हा खरा प्रश्न, मला माहितीये. एकट्या मंडळाला गोडाऊन परवडत नाही, पण तीन-चार मंडळांनी मिळून एक खोली घेतली तर जमतं, आणि मग सोफा, दरवाजे, लेव्हल (उंचवट्याचे चौथरे), सगळं एकमेकांना वापरता येतं. वहीत लिहून ठेवा काय कोणाकडे गेलं. आणि जमिनीपासून दोन फूट वर फळी टाका हं! २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी शिरलं तेव्हा आमचं सगळं जमिनीवर उभं होतं. मांजरपाट कुजलं, ते बदललं, लाकडी फ्रेमा उन्हात वाळवून आजही वापरतोय, पण प्लायचे दरवाजे पुस्तकासारखे उघडले, एक नाही वाचला.

ब्रिटनचं उदाहरण देते कारण ते उपयोगाचं आहे. तिथल्या नाटकवाल्यांनी २०२१ मध्ये थिएटर ग्रीन बुक नावाची पर्यावरणपूरक नाटकाची मार्गदर्शिका काढली, त्यात पहिल्या पायरीला म्हटलंय की सेटचं निम्मं सामान आधी कुठेतरी वापरलेलं असावं. आपल्या जुन्या कंपन्या रंगवलेले पडदे गुंडाळून गावोगाव नेत होत्या, त्यांच्यासाठी हे रोजचंच होतं.

लाइटचं म्हणाल तर दिग्दर्शकांचं अर्धं बरोबर आहे. स्वस्त रंगीत एलईडीत चेहरा मेल्यासारखा दिसतो. पण जुना पार, म्हणजे स्टेजचा डब्यासारखा हॅलोजन दिवा, हजार वॉटचा, वीस पार पूर्ण चालू तर तासाला २० युनिट, आणि ती सगळी उष्णता हॉलच्या एसीने परत बाहेर काढायची. म्हणून रंग आणि मागचा उजेड एलईडीवर न्या, समोरून चेहऱ्यावर चार हॅलोजन राहू द्या. चांगले वॉर्म व्हाइट एलईडी भाड्याने मिळाले की तेही बदला.

प्रश्न: आजोबांचं रविवर्मा प्रेसचं, कागदावर छापलेलं एक चित्र आहे. म्युझियममध्ये एसी असतो तसा आम्ही पण त्या खोलीत चोवीस तास एसी लावायचा का? बिल बघून धस्स होतं.

उत्तर: नको काकू. एक साधं बघा, कमाटी बागेतल्या म्युझियमची इमारत १८९४ मध्ये पूर्ण झाली, तेव्हा एसी ही वस्तूच नव्हती. आणि आता जगातली मोठी म्युझियम्ससुद्धा बरोबर २० अंश नि ५० टक्के आर्द्रता हा हट्ट सोडताहेत, बऱ्याचशा वस्तूंना १६ ते २५ अंश आणि ४० ते ६० टक्के चालतं, फक्त एका दिवसात फार वर-खाली नको असं २०१४ पासून त्यांचंच म्हणणं आहे. कागदाला त्रास होतो तो बदलाचा. दिवसभर एसी आणि रात्री बंद, हे तर न लावण्यापेक्षा वाईट.

चित्र बाहेरच्या भिंतीवर असेल तर आतल्या भिंतीवर घ्या, पावसाची ओल थेट येते. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे हवा खेळेल. खिडकीला जाड पडदा, कारण उन्हाने उडालेला रंग परत येत नाही, म्युझियममध्ये कागदावर ५० लक्सच (लक्स हे उजेडाचं माप) उजेड ठेवतात, म्हणजे संध्याकाळच्या देवघराइतका मंद. पावसाळ्यात पंखा चालू ठेवा. नवरात्राच्या आधी एखाद्या कोरड्या दिवशी चित्र उतरवा, मागची बाजू बघा, करडे ठिपके किंवा वाळवीची माती दिसली तर पुसायला जाऊ नका, मऊ कापडात गुंडाळून आपल्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या म्युझिऑलॉजी (संग्रहालयशास्त्र) विभागात विचारा कोणाकडे न्यायचं ते.