‘फ्लॅट विकला जात नाही, आयुष्य अडकलंय’

मी समुपदेशक आहे. गेल्या काही महिन्यांत हे वाक्य माझ्याकडे इतक्या तोंडांनी आलं आहे की त्यावर एकदा सविस्तर लिहायलाच हवं होतं. कुणाला मुलाजवळ पुण्याला जायचं असतं, कुणाला भावंडांमध्ये वाटणी करायची असते, कुणी इथे नाशिकमध्येच गंगापूर रोडला नवीन घर बुक करून बसलेलं असतं. जुनं घर मात्र जात नाही. एजंट म्हणतो, पितृपक्षात कुणी येत नाही. दसऱ्याला लोक नव्या प्रकल्पांच्या जाहिरातींमागे असतात. पाडवा जातो, अक्षय्य तृतीया जाते. मग कुणीतरी सांगतं, ‘२०२७च्या सिंहस्थ कुंभमेळ्यापर्यंत थांबा, भाव कुठच्या कुठे जातील.’ थांबायला कारण कायम मिळत राहतं आणि थांबणाऱ्याची झोप हळूहळू उडत जाते.

अशाच एका जोडप्याची गोष्ट त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्यांना काका-काकूच म्हणत होते, इथेही तसंच म्हणते.

इंदिरानगरमध्ये टू बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. काका सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलगा, सून आणि तीन वर्षांचा नातू पुण्याला. फ्लॅट विकून मुलाच्या जवळपास लहानसं घर घ्यायचं, असं ठरून दीड वर्ष झालं होतं. मागणी ५५ लाखांची. गिऱ्हाईकं ४५-४६च्या पुढे सरकत नव्हती. काकू माझ्याकडे आल्या त्या धडधड होते म्हणून. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या, हृदय ठणठणीत होतं.

“फोन वाजला की धस्स होतं,” त्या म्हणाल्या. “एजंटचा असेल म्हणून. आणि वाजला नाही तरी होतं.”

घर सतत आवरलेलं ठेवायचं, कारण बघायला कधीही कुणी येईल. एक बाई स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली होती, “हे सगळंच तोडावं लागेल.” काकूंनी तो ओटा स्वतः उभं राहून बसवून घेतला होता. शेजारणीने दरवाजा दक्षिणेला असल्याचं सुचवल्यावर वास्तुशांतही पुन्हा करून झाली. भिशी सोडली होती. सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व बंद केलं होतं. उन्हाळ्यात कुरडया घातल्या नव्हत्या, गीझर बिघडला तो दुरुस्त केला नव्हता. सगळ्याचं उत्तर एकच : आता जायचंच आहे ना.

मी विचारलं, “काकू, फ्लॅट परवाच विकला गेला असता तर या आठवड्यात तुम्ही काय केलं असतं?”

त्यांनी भराभर सांगितलं. नातवाकडे आठ दिवस गेले असते, बहिणीला बोलावलं असतं, शांत झोपले असते, गुडघ्याचा व्यायाम सुरू केला असता.

“यातल्या कशाला खरेदीखत लागतं?”

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “गीझर तरी आजच सांगते दुरुस्तीला.”

धडधड पुढच्या काही आठवड्यांत बरीच उतरली. पण किमतीवरून घरात रोज होणारा वाद संपला नव्हता, म्हणून मी काकांना बोलावलं. ते नाखुशीने आले. “समुपदेशनाने गिऱ्हाईक येतं का?” हा त्यांचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, “नाही. पण पंचावन्नच का, ते मला समजून घ्यायचंय.”

“बाजारभाव आहे.”

“कोणत्या व्यवहाराचा?”

काकूच म्हणाल्या, “शेजारच्या बिल्डिंगमधला सत्तेचाळीसला गेला. इंडेक्स टू यांनीच ऑनलाइन काढलाय.”

म्हणजे काकांना खरा भाव माहीत होता. जाहिरातीतले आकडे ही नुसती मागणी असते, प्रत्यक्ष व्यवहार इंडेक्स टूसारख्या नोंदणीच्या कागदावर दिसतो, हे कळण्याइतके ते हुशार होते. माहिती कमी नव्हती. अशा वेळी आणखी माहिती देणं व्यर्थ असतं. मी वेगळा प्रश्न विचारला, आणि तो नेमका तेव्हा सुचला याचं मला आजही समाधान आहे.

“काका, पंचावन्न हा आकडा तुम्ही पहिल्यांदा कुणासमोर बोललात?”

त्यांनी मान वर केली. उत्तर द्यायला बराच वेळ घेतला. “पुतण्याच्या लग्नात. धाकट्या भावासमोर.”

मग सगळं बाहेर आलं. १९९९ साली हा फ्लॅट घ्यायला काकांनी निफाड तालुक्यातला आपल्या वाट्याचा वावराचा तुकडा धाकट्या भावाला विकला होता. भावाने तिथे द्राक्षबाग लावली. आता तिथून रस्ता मोठा झाला आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. काकांना घरात अण्णा म्हणतात. लग्नात कुणीतरी सहज म्हणालं, “अण्णांनी तेव्हा घाई केली.” त्यावर काका म्हणाले होते, “माझा फ्लॅटही काही पंचावन्नच्या खाली जात नाही.”

“समजा, गेला पंचावन्नला. भावाला काय सांगाल?”

“सांगेन की...” त्यांचा आवाज अडकला. “की मी चुकलो नव्हतो.”

“आणि सेहेचाळीसला गेला तर?”

काका गप्प. तेव्हा काकू बोलल्या, आणि त्या दिवशीचं खरं काम त्यांनीच केलं. “मला कधी विचारलंत का, वावर हवं होतं का म्हणून? मला घरात नळ हवा होता. पोराला चालत जाता येईल अशी शाळा हवी होती. ते मला नव्व्याण्णव सालीच मिळालं. त्याचे पैसे तुम्ही आता कुणाकडून मागताय?”

माझ्या खोलीत अनेक माणसं रडतात. काका रडले नाहीत. ते बायकोकडे बघत राहिले, जणू पंचवीस वर्षं एका निकालाची वाट पाहिली आणि निकाल कधीच लागलेला होता, फक्त कळवायचा राहिला होता. मी मध्ये काहीही बोलले नाही.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास ती मांडली. तिचा गाभा मला वर्षानुवर्षं खरा ठरताना दिसतो. ‘पंचावन्न मिळाले तर बरं’ ही इच्छा झाली, तिच्यासह माणूस सुखाने जगू शकतो. ‘पंचावन्न मिळालेच पाहिजेत, नाहीतर मी मूर्ख ठरलो’ हा हट्ट झाला, आणि त्यासमोर प्रत्येक गिऱ्हाईक अपमान करायलाच आल्यासारखं वाटतं. घर बघायला आलेल्या तरुण जोडप्याला निफाडच्या वावराशी काही देणंघेणं नसतं. ते स्वतःच्या कर्जाचा हप्ता मोजत असतात.

यावर अभ्यासही झाला आहे. जेनेसोव्ह आणि मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टनमधल्या फ्लॅटविक्रीचे १९९०च्या दशकातले व्यवहार तपासले. २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार, ज्यांना खरेदीपेक्षा कमी किमतीत विकावं लागणार होतं, ते बाकीच्यांपेक्षा चढी मागणी लावत. त्यांना किंमत थोडी जास्त मिळेही, पण घर विकलं जाण्याची शक्यता बरीच कमी होई. काकांना खरेदीच्या तुलनेत तोटा नव्हताच, उलट फायदा होता. त्यांचा तोटा वावराच्या तुलनेत होता, आणि तो कोणत्याही एजंटच्या वहीत सापडणारा नव्हता. म्हणून आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते : तुमचा आकडा कुठून आला? कधी तो मेव्हण्याला सांगितलेला असतो, कधी वडिलांच्या कष्टांचा मान म्हणून धरलेला असतो. तो सापडला की किमतीची चर्चा फक्त किमतीची राहते.

त्यानंतर काका-काकूंनी एका कागदावर मागणी ५० लाख आणि अखेरचा आकडा ४६ लिहून दोघांनी सह्या केल्या. दिवाळीपर्यंत त्यावर पुन्हा बोलायचं नाही, असं ठरलं. एजंटचा फोन फक्त काका घेणार, घर फक्त शनिवार-रविवारी दुपारी दाखवणार. काकूंनी वाचनालयाचं सभासदत्व पुन्हा घेतलं आणि नातवाकडे आठ दिवस राहून आल्या.

काका आता गिऱ्हाईकाच्या बाजूनेही विचार करू लागले. जुन्या फ्लॅटवर जीएसटी नाही, बांधकाम चालू असलेल्या घरावर साधारण ५ टक्के लागतो, हे ते स्वतःहून सांगत. खरेदी एकट्या पत्नीच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, हेही. शेवटी ४७ लाखांना सौदा ठरला. त्यात ती सवलत ४७ हजारांची होती, आणि त्या जोडप्याचं मन वळायला तिचा हातभार लागला असं काकांना वाटतं. भावाला आकडा त्यांनी स्वतः फोन करून सांगितला.

‘मग कमी भावात देऊन टाकायचं का?’ असं मला लगेच विचारलं जातं. नाही. राहतं घर असेल आणि घाई नसेल तर थांबायला काहीच हरकत नाही, फक्त थांबण्याच्या काळात जगणं चालू ठेवायचं. घर रिकामं असेल तर हिशेब निराळा. ४६ लाख साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला तीन लाखांच्या आसपास व्याज येतं. म्हणजे नऊ लाख जास्त मिळवायला तीन वर्षं थांबलात, तर करांपूर्वीच्या हिशेबात हाती फारसं काही आलेलं नसतं. वर सोसायटीचा देखभाल खर्च आणि घरपट्टी आहेच. सिंहस्थासाठी रस्ते होतील, कदाचित भावही चढतील, पण त्याने तिसऱ्या मजल्याला लिफ्ट येणार नाही. भांडवली नफ्यावरच्या कराची भीती असेल तर एकदा सीएकडे जा. राहतं घर विकून ठरलेल्या मुदतीत दुसरं घर घेतलं तर सवलत मिळते, हे माहीत नसल्याने उगाच घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत.

नातेवाइकांनाही एक विनंती. ‘झाला का फ्लॅट?’ हा प्रश्न भेटल्या भेटल्या विचारू नका. झाला की ते सांगतीलच.

आणि दोन घरांचे हप्ते एकदम चालू असतील, तर माझ्याकडे येण्याआधी बँकेत जा, तिथे काय फेररचना होऊ शकते ते विचारा, कारण ती चिंता खरी आहे आणि तिला आधी आकड्यांचं उत्तर लागतं. मात्र दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप-भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा ‘यातून सुटका नाही’ असे विचार येत असतील, तर फ्लॅट विकला जाण्याची वाट पाहू नका. मनोविकारतज्ज्ञांना भेटा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. हा फोन मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.