जर्मन इंग्रजीतून शिकू नका, ताई

मिरजेत नर्सिंग झालंय, चार महिने जर्मनच्या क्लासला जाताय, डेअर-डी-दास (नामाआधीची पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी आर्टिकलं) डोक्यात राहत नाही आणि सर म्हणतात, ‘आधी इंग्लिश पक्कं करा’. तुमची पोस्ट वाचली आणि मला माझी तासगाव–विश्रामबाग एसटी आठवली. मांडीवर वही, मी पुटपुटतोय आणि शेजारचे आजोबा टक लावून बघतायत.

ॲप कुठलं, रोज किती वेळ, ते बाकीच्यांनी सांगितलंच आहे. मी शिक्षक नाही, फक्त ठेच लागलेला माणूस आहे.

मला महागात पडलं ते इंग्रजीतून शिकणं. क्लासच्या (नाव घेत नाही, बोर्ड अजून झळकतोय) सगळ्या नोट्स इंग्रजीत. मनात मराठी, तिचं इंग्रजी, त्याचं जर्मन. गोएथे या जर्मन भाषासंस्थेच्या बी-वन पातळीच्या तोंडी परीक्षेत जोडीदाराबरोबर सहल ठरवायची होती. मला म्हणायचं होतं, डिसेंबर नको, मला थंडी वाजते. डोक्यात आलं ‘आय ॲम कोल्ड’ आणि बोललो ‘इश बिन काल्ट’. म्हणजे मी काळजाचा थंड माणूस! हवं होतं ‘मीर इस्ट काल्ट’. मीर म्हणजे ‘मला’. सरळ मराठीतून गेलो असतो तर ‘मला’ आपसूक आलं असतं. ‘मला ते आवडतं’चंही तसंच: ‘दास गेफेल्ट मीर’. एका वाक्यानं कोणी नापास होत नाही, पण त्यानंतर माझी बोबडीच वळली. 52 मिळाले, लागतात 60.

इंग्रजीनं नामांची लिंगं आणि बऱ्याचशा विभक्ती कधीच सोडून दिल्या, म्हणून त्या बाजूनं जर्मन भयंकर दिसतं. पण विभक्तीनं शब्द आपल्याकडेही बदलतोच. आपण ‘घोडाला’ म्हणतो का? घोड्याला. जर्मनमध्ये तो बदल बहुधा नामाआधीच्या आर्टिकलमध्ये होतो: डेअर बुस, पण बसने म्हणजे ‘मिट डेम बुस’. लिंगाला मात्र मराठीचा भरवसा नाही. चमचा डेअर, काटा डी, सुरी दास. कारण विचारू नका, आर्टिकलसकट पाठ करा. मुलगी म्हणजे ‘मेडशेन’ दास, यावर आमचा वर्ग हसला होता. अहो, आपलं लेकरू, वासरू, ‘ते पोरगं’ काय आहे? लहानपणाचा ‘शेन’ लागला की दास, संपलं.

आकडे तर आपल्यासारखेच, एकवीस म्हणजे ‘एक-आणि-वीस’. 2019 मध्ये बालभारतीनं ‘वीस एक’ आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! असो.

इंग्रजीचं दुखणं वेगळं. छापखाना इंग्लंडमध्ये 1476 मध्ये आला, स्पेलिंग हळूहळू गोठलं, उच्चार पुढे सरकत राहिले. गुडघ्याच्या शब्दातला ‘के’ इंग्रज लिहितो पण बोलत नाही. जर्मन अजून सरळ ‘क्नी’ म्हणतो. त्यामुळे ‘आधी इंग्लिश पक्कं’ हे मला तरी पटत नाही. तुमच्या सरांचा अनुभव वेगळा असेल.

आणि हो, बी-वनचे चार भाग सुटे देता येतात. मी फक्त बोलण्यात अडकलो होतो, तरी क्लासनं चारही भागांचे पैसे पुन्हा भरायला लावले. विचारलं तर, ‘असंच असतं’. परीक्षेच्या माहितीपत्रकात स्पष्ट छापलं होतं, ते मी वाचलं दुसऱ्यांदा पैसे भरून आल्यावर, परतीच्या एसटीत.