ड्रॅगचा आकडा तिप्पट आला, एम.टेक. करू की आयटीत जाऊ?

प्रश्न : मी सांगलीची, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मिनी प्रोजेक्टसाठी नाका (NACA) ००१२ या एअरफॉइलचं, म्हणजे पंखाच्या आडव्या छेदाच्या आकाराचं, शून्य अंशावर (पंख वाऱ्याला सरळ ठेवून) सीएफडी, म्हणजे हवेच्या प्रवाहाचं संगणकावरचं गणित, केलं. ड्रॅग कोइफिशंट (हवेच्या रोधाचा आकडा) ०.०२५ आला, पुस्तकी आकडा ०.००८ च्या आसपास आहे. सर म्हणाले, "प्लॉट छान आलेत, चालतंय." मला एरोडायनॅमिक्समध्ये एम.टेक. करायचंय. बाबा म्हणतात, कॅम्पसला येणारी आयटीची नोकरी घे. काय करू?

उत्तर : सरांना चालत असेल, पण तू तो आकडा सोडू नकोस.

पहिली गोष्ट, तू रेनॉल्ड्स नंबर (वेग, पंखाचा आकार आणि हवेचा चिकटपणा यांवरून निघणारा आकडा) लिहिलेलाच नाहीस. ०.००८ हा आकडा साधारण साठ लाख रेनॉल्ड्सचा आहे, तोही संपूर्ण प्रवाह टर्ब्युलंट (खळबळता) धरून. गुळगुळीत पंखावर पुढच्या भागात प्रवाह लॅमिनार (शांत, थराथरांचा) राहिला तर तो ०.००६ पर्यंत उतरतो. तू एक लाखावर रन केलं असशील तर ड्रॅग खरोखरच वाढतो, म्हणजे तुझी चूक वाटते तेवढी नसेलही.

रेनॉल्ड्स तोच असेल तर मेश, म्हणजे गणितासाठी हवेचे पाडलेले बारीक चौकोन, बघ. शून्य अंशावर या पंखाचा बराचसा ड्रॅग हवेच्या घर्षणाचा असतो आणि ते घर्षण पृष्ठभागालगतच्या पातळ थरात घडतं. एक मीटर कॉर्डला (पंखाच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंतच्या लांबीला) हा थर मागच्या टोकाशी जेमतेम दीड सेंटीमीटर भरतो. वॉल फंक्शन (पृष्ठभागालगतच्या प्रवाहासाठीचं तयार सूत्र) न वापरता तो नीट पकडायचा तर पृष्ठभागालगतचा पहिला सेल, म्हणजे मेशचा चौकोन, चार-पाच मायक्रॉन उंचीचा लागतो. सॉल्व्हरमध्ये (गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रेशर (दाबाचा) आणि व्हिस्कस (घर्षणाचा) ड्रॅग वेगवेगळा काढ. प्रेशरचा वाटा जास्त निघाला तर पंखाच्या पुढच्या टोकाशी मेश जाड राहिलाय असं समज. मग मेश दोनदा बारीक करून आकडा कुठे स्थिरावतो ते पाहा. पडताळ्याला एक्सफॉइल वापर. एमआयटीच्या मार्क ड्रेला यांनी १९८६ मध्ये लिहिलेला हा प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि काही सेकंदांत उत्तर देतो.

एवढं का सांगतोय? रंगीत प्लॉट मुलाखतीला येणाऱ्या प्रत्येकाकडे असतात. आकडा का चुकला हे सांगू शकणारे फार थोडे. आणि हे काम फक्त विमानांचं नाही. पुण्यातल्या वाहन कंपन्यांना ते लागतं, ड्रोनवाल्यांना लागतं. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्या आहेत ना, त्यांच्या पात्यांची पुढची कड धुळीने, किड्यांनी खरबरीत झाली की ड्रॅग वाढतो आणि वीज कमी मिळते.

आता बाबांचं. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, कारण निव्वळ एरोडायनॅमिक्सच्या जागा मोजक्याच असतात. पण गेट, म्हणजे एम.टेक. प्रवेशाची परीक्षा, तिसऱ्या वर्षातही देता येते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. तेव्हा गेट दे, ऑफर मिळाली तर तीही हातात ठेव. एरोस्पेसचाच पेपर द्यावा असंही नाही. मेकॅनिकलच्या स्कोअरवरही काही ठिकाणी एरोस्पेसला अर्ज करता येतो, त्या-त्या संस्थेचं माहितीपत्रक वाच. गेटमधून प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये स्टायपेंडही मिळतो, हे बाबांना जरूर सांग.

गेट न देता, भरमसाट फी घेऊन 'एरोनॉटिकल' एम.टेक. देणाऱ्या कॉलेजात मात्र जाऊ नकोस. जायचंच झालं तर पैसे भरण्याआधी तिथलं विंड टनेल स्वतः बघून ये, आणि ते शेवटचं कधी चालू केलं होतं हे प्राध्यापकांना नाही, तिथल्या मुलांना विचार.