कैद्याचा दावा फीपायी निकाली निघाला, तर?

प्रश्न : माझा भाचा कॅलिफोर्नियाच्या राज्य तुरुंगात आहे. उपचार नाकारल्याबद्दल त्याने फेडरल कोर्टात नागरी हक्कांचा दावा लावला होता. फी भरली नाही म्हणून तो काढून टाकल्याचा आदेश गेल्या आठवड्यात आला. मी नाशिकहून 405 डॉलर भरले तर दावा पुन्हा सुरू होईल का? गरीब कैद्याला फी माफ नसते का?

उत्तर : नुसते पैसे भरून बंद फाइल उघडत नाही, सोबत अर्ज लागतो. आदेशाच्या तारखेपासून 28 दिवसांत फेडरल दिवाणी कार्यपद्धतीच्या नियम 59(ई) खाली फेरविचार मागता येतो, म्हणून भाच्याने आधी ते दिवस मोजावेत. ते उलटले तर नियम 60(बी), पण तिथे चूक का झाली हे पटवावं लागतं.

माफी म्हणाल, तर 1996 च्या कायद्यापासून कैद्यांना ती नाही, हप्ते आहेत. हप्त्यांचा अर्ज मंजूर झाला की 405 ऐवजी 350 डॉलर, तेही तुरुंगातल्या खात्यातून. मागच्या 6 महिन्यांची सरासरी मासिक जमा किंवा सरासरी शिल्लक, यांतली जी मोठी, तिचे 20 टक्के पहिला हप्ता. जमा सरासरी 50 आणि शिल्लक 80 असेल, तर 16 डॉलर. पुढे खात्यात 10 डॉलरपेक्षा जास्त असताना मागच्या महिन्याच्या जमेचे 20 टक्के. दोन दावे असतील तर 40 टक्के कापले जातात. तुम्ही घरून पाठवलेले पैसेही जमेतच धरतात, हे ध्यानात असू द्या. खातं रिकामं असेल, तर तेवढ्यावरून दावा अडवता येत नाही.

मग दावा पडतो कशामुळे? बहुतेकदा कागदांमुळे. 6 महिन्यांचा प्रमाणित खातेउतारा जोडलेला नसतो, नाहीतर कैद्याची बदली होते आणि कोर्टाचा आदेश जुन्या तुरुंगात जातो. पत्ता बदलल्याचं कोर्टाला त्यानेच कळवायचं असतं.

आदेशात ‘विदाउट प्रेज्युडिस’ (म्हणजे पुन्हा दावा लावायची मुभा ठेवून) असेल तर नवा दावा लावता येतो, मात्र फी नव्याने. जुन्या दाव्यात हप्ते मंजूर झाले असतील तर ती जुनी फीही बाकी राहते. कॅलिफोर्नियात असा दावा लावायची मुदत 2 वर्षांची. जन्मठेप नसलेल्या कैद्याला वाढीव मिळू शकते.

आधीचे तीन दावे निरर्थक किंवा कायद्यात न बसणारे म्हणून फेटाळले असतील, तर हप्ते नाहीत, पूर्ण 405 आधी. गंभीर शारीरिक इजेचा तातडीचा धोका दाखवला तरच सूट.

आपल्याकडे कोठडीतल्या माणसाला 1987 च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. तिथे दिवाणी दाव्यात तसा हक्क नाही. त्यामुळे अर्ज भाच्यालाच लिहावा लागेल. तुरुंगातल्या कर्मचाऱ्याच्या हाती लिफाफा दिला ती तारीख सहसा दाखल तारीख धरतात. ती अर्जावर लिहून, प्रतिज्ञेसह सही करायला सांगा.